बाभूळ म्हणून घेतलेले तीन टन सरपण

भूम तालुक्यात आमची खव्याची लहानशी भट्टी आहे. या धंद्याला दोनच गोष्टी विकत घ्याव्या लागतात, दूध आणि लाकूड. शेतकऱ्याचे दूध आम्ही फॅट पाहिल्याशिवाय आणि लॅक्टोमीटर बुडवल्याशिवाय कधीही घेत नाही. लाकूड मात्र मी इतकी वर्षे नुसत्या नजरेने घेत आलो आणि गेल्या भाद्रपदात त्याची किंमत मोजली. भट्टी, डाळमिल, बेकरी किंवा घरातील बंबासाठी सरपण विकत घेणाऱ्या इतरांवर ती वेळ येऊ नये, म्हणून झाले ते सविस्तर लिहीत आहे.

गौरी-गणपतीत खव्याची मागणी वाढते आणि पुढे दसरा-दिवाळीपर्यंत ती उतरत नाही. नेमक्या त्या दिवसांत आमच्या शेडवरचे दोन पत्रे उडाले आणि उन्हाळ्यात भरून ठेवलेले सरपण भिजले. नेहमीच्या वखारीत माल नव्हता. ओळखीतल्या एकाने शेजारच्या तालुक्यातील व्यापाऱ्याचा नंबर दिला. त्याने फोनवर फोटो पाठवले, ‘जुनी वाळलेली बाभूळ’ असे सांगितले आणि टनाला 4,500 रुपये भाव लावला. भाव बाजारापेक्षा कमी असता तर मला शंका आली असती. तो नेहमीचाच होता, त्यामुळे आली नाही.

टेम्पो सायंकाळी अंधार पडताना आला. वरच्या थरातले ओंडके मी हातात घेऊन पाहिले. काळपट साल, तिला उभ्या खोल भेगा आणि दोन-तीन ठिकाणी वाळलेला डिंक, असा तो माल अस्सल बाभळीचा होता. वजनकाट्याची पावती 3 टनांची होती. मी 13,500 रुपये दिले, हमालांनी माल उतरवून रचला आणि मी झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली तेव्हा ओंडक्यांच्या टोकांतून फेस येऊ लागला. ज्वाळा कमी आणि धूर जास्त, असा प्रकार झाला. ज्या 100 लिटर दुधाला आम्हाला 70 किलोंच्या आसपास लाकूड पुरत असे, त्याला त्या दिवशी 110 किलो लागले. वेळ जवळजवळ दीडपट गेला आणि पहिल्या घाण्याच्या खव्याला धुरकट वास आला. तो खवा पेढ्याच्या गिऱ्हाइकाने परत पाठवला.

आमच्या गल्लीत एक वयस्कर सुतार आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. बाभळीचे नांगर, कुळव आणि बैलगाड्या करण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते आले, त्यांनी ढिगाकडे एकदा पाहिले आणि विचारले, “ही बाभूळ आहे असं कोण म्हणालं तुम्हाला?” मी सालीकडे बोट दाखवले. “साल बघू नका, गाभा बघा,” असे म्हणून त्यांनी एका ओंडक्याचे टोक करवतीने दोन बोटे कापून काढले. हे कापणे महत्त्वाचे आहे, कारण जुन्या कापाचे तोंड ऊन, पाऊस आणि मातीने काळवंडते आणि मग सगळी लाकडे सारखीच दिसू लागतात.

ताज्या कापात कडेचा पट्टा पिवळसर होता आणि आतला गाभा गडद चॉकलेटी. बाभळीचा गाभा ताजा कापला की गुलाबीसर दिसतो आणि हवा लागल्यावर हळूहळू तांबूस तपकिरी होतो. नानांनी वाकसाने साल तासली. बाभळीच्या सालीचा आतला भाग तांबूस असतो आणि तो चावला तर तोंड तुरट होते. याच तुरटपणामुळे ती साल पूर्वापार कातडे कमावण्यासाठी वापरली जाते आणि बाभळीच्या काड्यांचे दातवण होते. आमच्या ओंडक्याची साल राखाडी होती, तिच्या खपल्या जाड आणि हलक्या होत्या. कापाचे तोंड पटाशीने गुळगुळीत करून ओले केल्यावर छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसू लागली. हा रेन ट्री होता, म्हणजे अमेरिका खंडातून येऊन आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला लावला गेलेला वर्षावृक्ष. रस्ता रुंदीकरणात ही झाडे सर्रास पडतात, आणि त्यांचे लाकूड कोठे जाते हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता.

ढीग उपसला तेव्हा खरी बाभूळ फक्त वरच्या थरात निघाली. खाली बहुतेक रेन ट्री होता, थोडा फिकट आणि भुसभुशीत गुलमोहर होता आणि बाकीची गुळगुळीत, ठिपकेदार सालीची सुबाभूळ होती. व्यापाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, सुबाभूळ म्हणजे बाभूळच की!” येथे शब्दाचाच घोळ आहे. आपल्याकडे बाभूळ, वेडी बाभूळ आणि सुबाभूळ ही तीन निरनिराळी झाडे आहेत. सोलापूर भागात माजलेली वेडी बाभूळ जळणाला उत्तम असते आणि तिच्याबद्दल माझी तक्रार राहिली नसती. सुबाभूळही वाळली तर वाईट नाही. पण रेन ट्री आणि गुलमोहर कोणत्याही नावाने बाभळीत बसत नाहीत, हे सांगितल्यावर त्याने फोन ठेवला. पावतीवर ‘जळाऊ लाकूड, 3 टन’ एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे ग्राहक आयोगात नेण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते.

माझा सगळा राग लाकडाच्या जातीवर होता. नानांनी वेगळेच दाखवले. बाभळीचे वाळलेले लाकूड घनमीटरमागे साधारण 750 ते 800 किलो भरते आणि रेन ट्रीचे 500 ते 600, त्यामुळे ढिगावर किंवा टेम्पोवर उक्ते लाकूड घेणारा जातीत फसतो. वजनावर घेणाऱ्याचे तसे नसते, कारण पूर्ण वाळलेले कोणतेही लाकूड किलोमागे जवळजवळ सारखीच उष्णता देते, साधारण 4,500 किलोकॅलरी. वजनावर घेणारा फसतो तो ओलाव्यात. मी पाच ओंडके मिळून बरोबर 10 किलो वजन केले, त्यांच्या फाका केल्या आणि त्या भट्टीच्या शेजारी उबेला ठेवल्या. वजन उतरायचे थांबले तेव्हा काटा 6 किलो 900 ग्रॅम दाखवत होता. त्या हिशेबाने 3 टनांत 930 किलो पाणी होते आणि त्या पाण्याचे मी 4,185 रुपये मोजले होते. शिवाय एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 600 किलोकॅलरी लागतात, त्या याच लाकडातून जातात. दुधातले पाणी आटवायला मी सरपण घेतो आणि महिनाभर सरपणातले पाणी आटवत बसलो.

तरी जातीचा प्रश्न अगदीच गौण नाही. खवा गोळा होऊ लागला की ज्वाळा नको असतात, मंद आणि टिकणारा निखारा हवा असतो. बाभळीचा निखारा तो देतो, गुलमोहराची पाहता पाहता राख होते.

आता टेम्पो दिवसाउजेडीच उतरवतो. तळाचे तीन ओंडके स्वतः निवडून व्यापाऱ्यासमोर कापतो, दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहतो (वाळलेले खणखणतात, ओले बद्द वाजतात) आणि पावतीवर झाडाचे नाव लिहून घेतो. ढिगात आंबा, चिंच, जांभूळ किंवा मोह निघाला तर माल परत पाठवतो. ही झाडे 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत आणि परवानगीशिवाय तोडलेला माल आपल्या दारात नको. नाव लिहून द्यायला दोन व्यापाऱ्यांनी नकार दिला आणि तिसऱ्याने ‘वेडी बाभूळ’ असे स्पष्ट लिहून दिले. सध्या त्याच्याकडूनच घेतो.

उरलेला रेन ट्री पत्र्याखाली फोडून रचला आहे. शिमग्यापर्यंत तो जाळण्याजोगा होईल, असे नाना म्हणतात.