गल्लीतली भिंत रंगवून घेतली, पेंटरच्या कामाचा अनुभव

काम फेब्रुवारीत झालं, मुद्दाम आत्ता लिहितोय, कारण रंग ओला असताना कुठलीही भिंत छानच दिसते, खरं काय ते एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर कळतं.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, फैजपूरच्या बाजूला, केळीपट्ट्यात. पाण्याच्या टाकीमागे 40 फूट लांब 8 फूट उंच भिंत, तिथे कचरा पडायचा, लोक आडोशाला उभे राहायचे, बायका तोंडाला पदर लावून जायच्या. दोन वर्षांपूर्वी एका पेंटरकडून ती रंगवली होती, त्याने ऐन पावसाळ्यात ओल्या भिंतीवर डायरेक्ट रंग फासला, वर वारली काढली आणि निघून गेला, पुढच्या मे महिन्यापर्यंत हाताएवढे पोपडे निघाले. वारली मला आवडते, पण ती डहाणू-पालघरकडची, आमच्या भिंतीवर आमचं काही नको का?

म्हणून यंदा घरटी 500 रुपये वर्गणी काढली, ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं आणि भुसावळचा एक पेंटर बोलावला, सोबत त्याचा भाचा. रेट 70 रुपये स्क्वेअर फूट, प्रायमर धरून. पहिल्या दिवशी त्याने ब्रशला हातच लावला नाही. पत्र्याने भिंत टोकत बसला, जिथे पोकळ आवाज आला तिथला गिलावा पाडला, तारेच्या ब्रशने पांढरा खार घासून काढला आणि म्हणाला दादा, आधी टाकीचा पाझर बंद करा, नाहीतर मी कितीही भारी रंग मारला तरी आतून खार येऊन ढकलणारच. आठ दिवस थांबायला लावलं. आम्हाला राग आला होता, पण तोच माणूस बरोबर होता.

काय काढायचं हे त्याने मोबाईलवर दाखवलं नाही, पारावर बसून लोकांनाच विचारलं. कोणी कानबाई म्हणालं (आमच्या खानदेशातली देवी, नारळाच्या रूपात पुजतात), कोणी वांग्याच्या भरताची पार्टी, कोणी रेल्वेचं केळीचं वॅगन भरणं. एका आजोबांनी 1936 चं फैजपूर अधिवेशन काढा म्हणून सांगितलं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष आणि सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांची, तीही बांबू आणि इथल्याच साध्या सामानातून. एवढा मोठा कलाकार आपल्या मातीत येऊन आपल्याच वस्तूंनी गाव सजवून गेला आणि आपण भिंतीसाठी नेटवरून डिझाईन उतरवतो, हे मला खरंच लागलं. शेवटी बांबूची कमान, कानबाईचा नारळ आणि मधोमध केळीचा घड असं ठरलं.

आता घडाची गोष्ट. चौकोन आखून त्याने मोठा सुंदर घड काढला, अर्धा रंगवूनही झाला, तेवढ्यात शेजारचे काका शेतातून येता येता थांबले, "काय रे भो, हा घड उलटा काढलास!" झाडावर फण्या खालून वर वळलेल्या असतात, केळ्यांची टोकं आभाळाकडे, आणि खाली लोंबतं ते केळफूल. याने दुकानात टांगलेला घड पाहून केळ्यांची टोकं खाली काढली होती. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकांच्या बागेत जाऊन उभा राहिला, फोटो काढले, मग पांढरा हात मारून सगळा घड परत काढला, एक रुपया जास्त घेतला नाही. आता शेतकरी तिथे थांबून फण्या मोजतात.

कमी काय वाटलं तेही सांगतो. खाली रस्त्यावर पोरांना लंगडी घालत ठिकरी खेळायला चौकोन काढून दिले होते, तो रंग ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन महिन्यांत गेला, त्याच्यासाठी रस्त्यावरचा वेगळा रंग लागतो, हे त्याने आधी सांगायला हवं होतं. आणि लाल रंग पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात फिका पडलाय, कमानीवरची झेंडूची फुलं आता गुलाबी दिसतात. बाकी भिंतीला एकही पोपडा नाही.

5 पैकी 4. काम द्यायचं असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी एवढ्यातच द्या, मार्चनंतर रंग ब्रशवरच वाळतो. कचरा टाकणं जवळजवळ थांबलंय, आणि श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला निघालेल्या बायका त्या भिंतीपुढे थांबल्या, नारळाच्या चित्राला हळद-कुंकू लावलं. ते बोटांचे ठसे अजून आहेत, आम्ही पुसू दिले नाहीत.