कोकण किनाऱ्याची सायकल सहल आणि खाडीपाशी अडणारे अ‍ॅप : वर्षभराच्या वापरानंतर

मांडव्यापासून रत्नागिरीपर्यंतची किनाऱ्याची सायकल सहल आखण्यासाठी मी गेल्या पावसाळ्यात मार्ग आखण्याच्या एका अ‍ॅपचे वार्षिक सदस्यत्व घेतले. थंडीत ती सहल झाली आणि आता सिंधुदुर्गाच्या टप्प्याची जुळवाजुळव त्याच अ‍ॅपवर चालू आहे. ऑफलाइन नकाशा, आवाजी सूचना, जीपीएक्स फाइल वगैरे सोयी सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांवर जागा घालवत नाही. मला लिहायचे आहे ते खाड्यांबद्दल. किनाऱ्याने कोकण उतरायचे म्हणजे एकामागून एक खाड्या ओलांडायच्या, आणि जे साधन खाडीपाशी अडते ते बाकी कितीही चांगले असले तरी या किनाऱ्यासाठी अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग नकाशावर सलग रेघेसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो अजून जागोजागी पाण्यापाशी येऊन थांबतो. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे, तेथे प्रश्न नाही. परंतु राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी सायकलसह जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीत, चढावे लागते. स्थानिक लोक रोज याच फेरीबोटींतून दुचाक्या, मोटारी आणि बाजारहाट घेऊन ये-जा करतात. अ‍ॅपने मात्र आगरदांड्याची बोट पहिल्याच प्रयत्नात मान्य केली आणि दाभोळला अडून बसले. दाभोळहून गुहागरला जाण्यासाठी त्याने मला दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा सुचवला. समोरच्या काठावर धोपावे डोळ्यांनी दिसते, बोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचते आणि तेथून गुहागर अगदी जवळ आहे. हे ज्याला माहीत नाही, तो नवखा माणूस या आराखड्यावर विसंबला तर त्याचा एक संपूर्ण दिवस घाटरस्त्यात आणि महामार्गाच्या ट्रकांमध्ये जाईल.

मी ग्राहक सेवेकडे सविस्तर तक्रार केली. दोन्ही जेट्ट्यांची ठिकाणे आणि नकाशाची चित्रे जोडली. उत्तर ठरावीक साच्यातले आले : आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. पुन्हा लिहिल्यावर सांगण्यात आले की, मूळ नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असून त्यातील माहितीला कंपनी जबाबदार नाही. याचा मला मनस्वी राग आला. स्वयंसेवकांनी फुकट तयार केलेल्या नकाशावर वर्षाचे पैसे घ्यायचे आणि चूक निघाली की त्याच स्वयंसेवकांकडे बोट दाखवायचे, हा व्यवहार मला पटत नाही. सदस्यत्वाच्या रकमेत सायकलचा एक चांगला टायर आला असता, आणि मी दर रुपयाचा हिशेब ठेवणारा माणूस आहे.

या टप्प्यावर हा अनुभव लिहिला असता तर तो पूर्णपणे प्रतिकूल झाला असता. परंतु चिडून मी ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडले आणि दाभोळची जेट्टी जवळून पाहिली. बोटीची रेघ नकाशावर होती. मात्र तिचे टोक जेट्टीच्या उताराला जोडलेले नव्हते. रस्ता आणि बोट यांच्यात काही मीटरांचे अंतर राहिले होते. माणसाच्या डोळ्याला ते जाणवतही नाही, परंतु संगणकाच्या हिशेबी रस्ता तेथेच संपतो. शिवाय त्या बोटीवर सायकल नेता येते, ही नोंद कोणी केलेली नव्हती. मी रेघ रस्त्याला जोडली, सायकलची नोंद केली आणि पार होण्यास लागणारा वेळ भरला. काही आठवड्यांनी अ‍ॅपमध्ये मार्ग पुन्हा काढला, तेव्हा तो दाभोळहून सरळ पाण्यावरून धोपाव्याला गेला. तो क्षण मला मनापासून आनंद देणारा होता. सुधारलेला नकाशा आपोआप उचलण्याचे श्रेय अ‍ॅपला दिलेच पाहिजे, आणि माझे मत तेव्हापासून बरेच मवाळ झाले आहे.

मात्र बोट मान्य झाली म्हणजे काम संपले, असे नाही. अ‍ॅप बोटीला पाण्यावरचा रस्ता समजते; आपण जेट्टीवर पोहोचलो की बोट उभीच असणार, असे ते गृहीत धरते. शेवटची फेरी चुकली तर रात्र अलीकडच्या काठावर काढावी लागते आणि पुढचे आरक्षण वाया जाते, याची त्याला कल्पना नाही. त्यामुळे मुक्काम मी अ‍ॅपच्या किलोमीटरांवर न ठरवता बोटींवर ठरवले. दुपारच्या जेवणाआधी जेट्टी गाठायची, जेवण पलीकडे करायचे आणि उरलेला दिवस पुढच्या गावापर्यंतच्या चढासाठी ठेवायचा. मुरूडचा मुक्काम त्यामुळेच सोयीचा पडला, कारण तेथून सकाळी निघून आगरदांडा गाठता येते. हरिहरेश्वरचाही त्याच कारणाने, कारण बागमांडला तेथून जवळच आहे. वेळापत्रक प्रत्येक जेट्टीवर आदल्या दिवशी फोन करून विचारावे. ऋतूनुसार आणि हवामानानुसार ते बदलते.

दाभोळच्या खाडीतला एक तपशील सांगतो. बोटीची लोखंडी फळी जेट्टीच्या ओल्या उतारावर टेकते, गाड्या आत शिरतात आणि सायकल कठड्याला टेकवून एका हाताने धरून उभे राहावे लागते. मधोमध आल्यावर माझ्या खिशातल्या फोनने सूचना दिली की मी मार्ग सोडला आहे आणि मागे वळावे. मार्ग आखणारा भाग सुधारलेला नकाशा वाचत होता, परंतु सहलीआधी डाउनलोड करून ठेवलेला ऑफलाइन नकाशा जुनाच होता. हा फरक कंपनीने कोठेही स्पष्ट लिहिलेला नाही. निघण्याच्या आदल्या रात्री जुना ऑफलाइन नकाशा काढून टाकून नवा घ्यावा, ही सूचना या अनुभवातली सर्वांत उपयोगाची आहे.

चढाबद्दलही लिहायला हवे. समुद्रकिनारा म्हणजे सपाट रस्ता, हा समज कोकणात पहिल्याच दिवशी गळून पडतो. प्रत्येक खाडी समुद्रसपाटीवर आणि दोन खाड्यांमधला जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उंचावर, त्यामुळे दिवसभर उतरणे आणि पुन्हा चढणे चालते. बुरोंडीच्या बाजूला आणि गुहागरच्या पुढे वेळणेश्वर-हेदवीच्या वाटेवर सामान लादलेल्या सायकलला सर्वांत हलका गिअर लागतो. अ‍ॅप ही चढाई दाखवते, पण फुगवून. अशा अ‍ॅपमधली उंचीची माहिती बऱ्याचदा 2000 साली एंडेव्हर अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीतून येते. त्या मोजणीत दोन बिंदूंमधले अंतर सुमारे 30 मीटर आहे आणि दाट झाडी असेल तेथे जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळची उंची नोंदली जाते. आरे-वारेसारख्या ठिकाणी रस्ता कड्याच्या अंगाने जातो. तेथे एक बिंदू सड्यावर पडतो आणि दुसरा पुळणीवर, आणि आलेखात नसलेले सुळके उभे राहतात. एकूण चढाईचा आकडा पाहून घाबरू नये, मात्र लांब आणि सलग चढ जेथे दिसतो तेथे त्यावर विश्वास ठेवावा.

मधल्या काळात सदस्यत्वाचे नूतनीकरण न विचारता झाले आणि परतावा नाकारण्यात आला. आपोआप नूतनीकरणाची सोय पैसे भरल्याच्या दिवशीच बंद करावी.

रत्नागिरीच्या दक्षिणेला परिस्थिती वेगळी आहे. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर येथे खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण हा मार्ग अ‍ॅपने विनातक्रार काढून दिला. मोठा मार्ग मुक्कामांत तोडण्याची त्याची सोय येथे फार उपयोगी पडत आहे. अडचण उरते ती अगदी शेवटी, तेरेखोलला. तेथून केरीला जाणारी बोट पकडायची की आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून गोव्यात उतरायचे, हे अ‍ॅपवर न सोडता मी स्वतः ठरवणार आहे. रत्नागिरी ते तेरेखोल एवढाच बेत असेल तर वर्षाचे पैसे भरायला हरकत नाही. रायगडातून खाली यायचे असेल तर आधी विनामूल्य आवृत्तीत चारही जेट्ट्या जोडलेल्या आहेत का ते तपासावे, नसतील तर स्वतः जोडाव्यात आणि मगच पैसे भरावेत.