दिवे नसलेली रॅम : जी.स्किल फ्लेअर एक्स५, ३२ जीबी

प्रोसेसरवरून लोक भांडतात, ग्राफिक्स कार्डासाठी जीव टाकतात आणि रॅमपाशी येईपर्यंत उत्साह आणि बजेट दोन्ही संपलेलं असतं. मग यादीत जी वर दिसेल ती उचलायची. मी मात्र या वेळी सुरुवातच रॅमपासून केली, कारण माझं काम तिथेच अडत होतं. वीस-पंचवीस रॉ फोटो जोडून मी पॅनोरमा करते. जुन्या मशीनवर जोडणी सुरू झाली की माऊससुद्धा अडखळायचा.

निवडलेलं किट : जी.स्किल फ्लेअर एक्स५, १६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर५ (डीडीआर४नंतरची पिढी), वेग ६००० (सेकंदाला इतके दशलक्ष व्यवहार), टायमिंग (उत्तर देण्याआधी रॅम घेते ते ठोके) ३०-३८-३८-९६, व्होल्टेज १.३५. सोबत रायझन ७ ७७०० आणि बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड. काळे ठोकळे, दिवे नाहीत, मिरवण्यासारखं काही नाही. मला हे किट फार आवडलं आहे. त्याची कारणं जरा सविस्तर सांगते, म्हणजे हेच किट नाही मिळालं तरी दुसरं कसं पारखायचं ते कळेल.

आधी क्षमता. १६, ३२ की ६४ हे दुसऱ्या कोणाला विचारण्यात अर्थ नाही, आपलं जुनं मशीन ते सांगतं. नेहमीचं सगळ्यात जड काम सुरू करायचं, टास्क मॅनेजर उघडायचा आणि मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’चा आकडा बघायचा. माझ्याकडे १६ जीबी होती आणि हा आकडा त्याच्या बराच वर जायचा. म्हणजे रॅममध्ये न मावलेला भाग पेज फाइलमध्ये, विंडोजने एसएसडीवर राखलेल्या जागेत जायचा. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या जवळपासही फिरकत नाही. ३२मध्ये माझं काम मावलं आणि वर जागा उरली. ६४ घेऊन काहीच लवकर झालं नसतं. रिकामी रॅम वेग देत नाही.

आता टायमिंग, जिथे सगळ्यांचा गोंधळ होतो. ‘माझ्या जुन्या डीडीआर४ला सीएल १६ होतं, हिला ३०. म्हणजे ही दुप्पट सुस्त?’ नाही. सीएल म्हणजे टायमिंगमधला पहिला आकडा. तो वेळ नाही, ती रॅमच्या घड्याळाच्या ठोक्यांची संख्या आहे, आणि ठोकाच आखूड झाला तर संख्या वाढणारच. हिशोब सोपा : सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० वेगाला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० वेगाला सीएल ३० म्हणजेही १०च. ६००० ला सीएल ३६ असेल तर १२. डीडीआर५च्या सुरुवातीच्या ४८०० सीएल ४० मध्ये हेच उत्तर पावणेसतराच्या आसपास येतं. म्हणजे माझ्या किटमध्ये वाट पाहण्याचा वेळ जुन्या डीडीआर४ इतकाच, पण माहितीचा ओघ जवळपास दुप्पट. पाकिटावरचे दोन आकडे सुटे वाचायचे नाहीत, नेहमी एकमेकांनी भागून वाचायचे.

मग ६०००च का, ७२०० का नाही? रायझन ७००० मालिकेत मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) आणि रॅम एकाच ठोक्यावर चालतात तोवर सगळं छान असतं. ६००० ला हे जवळपास प्रत्येक प्रोसेसर निमूटपणे करतो, ६४०० ला नशिबावर असतं. त्यापुढे बोर्ड सहसा कंट्रोलरचा वेग निम्मा करतो आणि मोठ्या आकड्यातून मिळालेलं बरंचसं तिथेच परत जातं. इंटेलच्या प्रोसेसरांचं गणित वेगळं आहे, ते याहून वर आरामात जातात. तुमच्याकडे नावात एक्स३डी असलेला रायझन असेल तर त्याच्या मोठ्या कॅशमुळे (प्रोसेसरच्या अंगच्या मेमरीमुळे) रॅमच्या टायमिंगचा फरक गेममध्ये फारसा जाणवतही नाही. सीएल ३६ घ्या आणि उरलेले पैसे दुसरीकडे लावा.

बोर्डावर स्लॉट चार दिसतात, पण भरायचे दोनच. चार स्टिक लावल्या की माझ्या रायझन ७ ७७००ची अधिकृत मर्यादा ५२०० वरून ३६०० वर येते. म्हणून ‘आता दोन घेते, पुढे दोन जोडेन’ हा डीडीआर४च्या काळातला बेत इथे सोडून द्यावा. जी.स्किल स्वतःच दोन किट एकत्र करू नका असं सांगते, मॉडेल तेच असलं तरी. दुसऱ्या टोकाला, ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकही टाळा. त्यांत साधारणपणे चारच रुंद चिप असतात आणि बँक ग्रुप (चिपमधले आलटूनपालटून काम करणारे कप्पे) १६ जीबीच्या स्टिकच्या निम्मे, त्यामुळे छापील वेग तोच असून काम कमी होतं. ही गोष्ट पाकिटावर कुठेच नसते.

बसवताना फ्लेअर एक्स५चा खरा गुण कळतो : उंची ३३ मिलिमीटर. दोन मनोऱ्यांच्या एअर कूलरचा पुढचा पंखा बरोबर रॅमच्या डोक्यावर येतो. दिव्यांची मुकुटधारी किट तिथे अडतात, मग पंखा वर सरकवा, मग केसचं काचेचं दार लागत नाही. माझा पंखा जिथे होता तिथेच राहिला. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, आणि दोन्हीकडून ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायचं. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, बोर्ड कोणता आहे ते बघा.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काळाच राहतो. मिनिटभर, कधी कित्येक मिनिटं. हे मेमरी ट्रेनिंग : बोर्ड रॅमशी सूर जुळवत असतो. याच वेळी घाबरून बटण दाबून धरणारे लोक मला माहीत आहेत. एएम५ (या रायझनच्या सॉकेटच्या) बोर्डांवर ही खोड प्रत्येक वेळी चालू करताना त्रास देत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ चालू करता येतं.

आणि हो, नुसती लावली तर ही रॅम ६००० वर चालत नाही. ती ४८०० वर येते आणि बायोसमध्ये एक्स्पो प्रोफाइल (रॅममध्येच साठवलेली एएमडीसाठीची वेगाची सेटिंग) निवडेपर्यंत तिथेच राहते. माझ्या बोर्डाने प्रोफाइल लगेच घेतलं. त्यानंतर सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३००० मेगाहर्ट्झ दिसलं तर दुकानदाराला फोन लावू नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा माहिती, ३००० चे ६००० झाले. एक बारीक अक्षरातली गोष्ट मात्र लक्षात असू द्या : रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या लेखी एक्स्पो हे ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) आहे आणि त्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही. मी तरीही चालू केलं. बहुतेक सगळेच करतात.

विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर लावून ठेवलं. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते. एकही चूक निघाली नाही. एक जरी निघाली असती तरी किट परत गेलं असतं, ‘एवढं चालतं’ हा प्रकार रॅममध्ये नसतो. बिघडलेली रॅम मशीन बंद पाडतेच असं नाही, कधी गुपचूप एखाद्या फोटोची फाइल खराब करून ठेवते आणि ते महिन्यांनी कळतं. डीडीआर५च्या चिपमध्ये अंगचीच चूकदुरुस्ती असते हे खरं, पण ती चिपच्या आतल्यापुरती. सर्व्हरमधल्या ईसीसीची (चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या रॅमची) जागा ती घेत नाही.

तक्रार? पाकिटावर आतल्या चिप कोणाच्या हे लिहिलेलं नाही. हाताने टायमिंग घट्ट करणाऱ्या हौशी मंडळींना ते हवं असतं. मला नको होतं. फोटोंच्या कामात ४८०० आणि ६००० मधला फरक माफकच आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पॅनोरमाचा प्रश्न सुटला तो क्षमतेमुळे, वेगामुळे नव्हे. वेगाचा उपयोग भाच्याला झाला, तो इथे येऊन गेम खेळतो आणि गर्दीच्या दृश्यात आता अडकत नाही म्हणतो.

व्हिडिओचं काम असेल तर याच मालिकेतलं ३२च्या दोन स्टिकचं किट बघा. मशीन इंटेलचं असेल तर याच कंपनीची रिपजॉज एस५ घ्या, उंची तीच आणि प्रोफाइल एक्सएमपीचं, म्हणजे एक्स्पोसारखंच पण इंटेलचं. दिवे तिलाही नाहीत.