नऊ महिने थंब मशीन वापरल्यावर: हजेरी बरोबर, पण सोडून गेलेल्याचं बोट आतच

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमची छोटी मशीन शॉप आहे, माणसं 34, हजेरी आणि पगाराचं काम माझ्याकडं. दसऱ्याला थंब मशीन, म्हणजे बोट लावून हजेरी घेणारं मशीन बसवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, इथं दर दोन शेडमागं एकाच्या दारात हाच काळा डबा असतोय त्यामुळं फीचर सगळ्यांना माहीतच आहेत. आज लिहायला बसलो ते गेल्या आठवड्यात सर्व्हिसवाल्याशी झालेल्या भांडणामुळं.

पहिले दोन महिने मी ह्या मशीनला शिव्याच घातल्या. आमच्याकडं फाउंड्रीतनं कास्टिंग येतात, ग्राइंडिंगची माणसं दिवसभर वाळू आणि लोखंडाशी झटापट करतात, त्यांच्या बोटावरच्या रेषाच झिजलेल्या. सकाळी आठला गेटवर रांग, मशीन आपलं ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणालंय, आणि येळ्ळूरहून सायकलनं येणारे आमचे एक मामा, 26 वर्षं नोकरी झालेली, पँटला बोट पुसून पुसून परत लावालेत. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाले, “साहेब, माझं बोटच नाही म्हणतंय की ओ हे.” मला फार वाईट वाटलं. वेळेवर आलेला माणूस रजिस्टरात लेट.

मग एका मित्रानं सांगितलं म्हणून डाव्या हाताची करंगळीकडची बोटं परत एनरोल केली, म्हणजे मशीनमध्ये नव्यानं नोंदवली, एकेकाची तीन-तीन, त्या बोटांची झीज कमी असते. काच रोज सकाळी कोरड्या सुती कापडानं पुसायची. तेवढ्यावर नव्वद टक्के त्रास गेला, म्हणजे दोष निम्मा आमचाच होता आणि मी उगाच मशीन परत द्यायला निघालो होतो. जानेवारीत तर ह्याच मशीननं एका पोराचे ओव्हरटाइमचे 11 तास मिळवून दिले. सुपरवायझर नाही म्हणत होता, पंचिंगची प्रिंट काढली, रात्री 10:42 ला बाहेर पडल्याचं स्पष्ट दिसलं, कायद्याप्रमाणं दुप्पट दरानं पैसे दिले. जुन्या मस्टरवर हे कधी झालं नसतं. तेव्हापासनं मी सगळ्यांना मशीन घ्या म्हणून सांगत होतो.

आता मुख्य गोष्ट. डिस्प्लेवर रेघा यायला लागल्या म्हणून सर्व्हिसवाल्याला बोलावलं. एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, घेतली नव्हती, वर्षाला दोन हजार कशाला घालवायचे म्हणून, तर त्यानं नुसतं बघायचे 600 मागितले आणि म्हणाला रिपेर करू नका, जुनं आम्हाला द्या, 1500 वजा करून फेसवालं, म्हणजे चेहरा बघून हजेरी घेणारं, नवीन घ्या. भाव बरा होता, मी तयारही झालो. देण्याआधी सहज मशीनवरची यूजर लिस्ट उघडली. 34 माणसांच्या जागी 52 नावं! जे सोडून गेले, दोघं तर पुण्याला जाऊन स्थिर झालेत, त्यांची सगळ्यांची बोटं आत. मी प्रत्येकाला सॉफ्टवेअरमधनं डिलीट केलं होतं, पण आमच्या मशीनमध्ये ते डिलीट फक्त कॉम्प्युटरवरच्या यादीतनं होतंय, डब्यातलं तसंच राहतंय. त्याला विचारलं जुन्या मशीनचं काय करता, तर म्हणाला, “साफ करून दुसऱ्याला देतो.” कोण साफ करणार, कधी? “ते होतंय ओ, कोण बघतंय?”

तिथं माझं डोकं फिरलं. मशीन बोटाचा फोटो ठेवत नाही, रेषा जिथं फुटतात आणि संपतात त्या खुणांचा हिशेब ठेवतं, हे मला माहीत आहे. पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट कुठनं बदलून आणायचं? 2023 मध्ये आपल्याच कर्नाटकात नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून लोकांच्या आधार जोडलेल्या खात्यांतनं पैसे काढल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यानंतर आमच्या अर्ध्या पोरांनी आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटाची-डोळ्यांची ओळख, लॉक केलं. तीच पोरं माझ्या शब्दावर गेटवर बोट ठेवतात. आणि एनरोल करताना मी एकाचीही सही घेतली नव्हती, “हां, बोट लाव” एवढंच. 2011 च्या माहिती तंत्रज्ञानाच्या (आयटी) नियमांत बायोमेट्रिक हे संवेदनशील माहितीत धरलंय, घेण्याआधी लेखी संमती पाहिजे, हे मला नंतर वाचून कळलं. 2023 च्या डेटा कायद्यात नोकरीच्या कामासाठी मालकाला मोकळीक आहे खरी, पण काम संपलं की माहिती पुसायची जबाबदारीही त्यात घातली आहे. हजेरीचे तास रेकॉर्डला ठेवावे लागतात, बोट कशाला? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये सांगितलं, ती केस लढवणारे पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. दिल्लीपर्यंत गेलेली गोष्ट उद्यमबागेच्या गेटवर यायला नको काय?

मशीन दिलं नाही. डिस्प्ले खडेबाजारात एकाकडनं 850 ला बदलून घेतला, छान चाललाय. अठरा नावं मशीनवरच बसून एकेक करून काढली, दीड तास गेला. आता नियम केलाय, सोडून जाणाऱ्याचा हिशेब करताना त्याला मशीनसमोर उभं करून त्याच्यादेखत डिलीट मारायचं आणि परत बोट लावायला सांगायचं. खानापूरच्या एका पोराचं परवा असंच केलं, ‘प्लीज ट्राय अगेन’ आलं तसं त्यानं बोट काढून घेतलं आणि म्हणाला, “पहिल्या कंपनीतलं पण असंच काढायला येतंय काय?” मला उत्तर देता आलं नाही.

मशीनला पाचपैकी साडेतीन देतो, सर्व्हिसला शून्य. फेसवालं मी घेणार नाही, बोट निदान माणूस स्वतः पुढं करतो. एक काम मात्र अजून अडकलंय, कॉम्प्युटरवरच्या बॅकअपमध्ये जुने थंब आहेत आणि कॉम्प्युटरवरनं मशीनवर सगळ्यांना अपलोड मारलं की ती अठरा नावं परत मशीनमध्ये येतात. दोनदा झालं असं. त्या बॅकअपमधनं फक्त थंब कसे काढायचे, तास तसेच ठेवून, हे कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा, पगाराची 7 तारीख जवळ आलीय आणि तोवर मी अपलोडला हात लावत नाही.