व्हॅनच्या मागे सायकली: नवा बंपर, टो हिच की दारावरचा रॅक?

व्हॅनच्या मागे सायकली न्यायचं ठरलं की आपण आधी रॅक शोधायला लागतो. किती सायकली बसतात, जाड टायर चालतो का, कुलूप आहे का. मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि त्यात बरेच दिवस घालवले. रॅकची निवड खरं तर सगळ्यात शेवटी येते. सायकलींचं वजन गाडीच्या कुठल्या भागावर टेकणार आणि मागची दारं दिवसातून किती वेळा उघडावी लागणार, हे आधी ठरवायचं. तेवढं नक्की झालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पर्याय तसे तीनच. एक, मूळ बंपर काढून त्या जागी चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टने जखडलेला धातूचा बंपर बसवायचा आणि त्याच्या स्विंग आर्मवर, म्हणजे बाजूला फिरणाऱ्या हातावर, रॅक लावायचा. दोन, मूळ बंपर तसाच ठेवून खालून टो हिच, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीचा जोड, बसवायचा आणि त्यात रॅक खोचायचा. तीन, मागच्या दारालाच रॅक अडकवायचा. पहिला आणि तिसरा मी स्वतः वापरला आहे. दुसरा मित्राच्या गाडीला बसवताना सोबत होतो.

दारावरचा रॅक

हा सगळ्यात हलका. दार उघडलं की सायकली दाराबरोबरच फिरतात, वेगळी खटपट नाही. सायकली उंचावर राहतात म्हणून मागचे दिवे आणि नंबरप्लेट बहुधा झाकली जात नाही, चिखल कमी उडतो, आणि चढउताराच्या कच्च्या रस्त्यावर मागे काही घासत नाही. दोन साध्या सायकली असतील तर मला आजही हाच पर्याय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

अडचण येते ती दाराची. व्हॅनचं दार म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मधे पोकळी. माझ्या पहिल्या रॅकचे रबरी पाय थेट बाहेरच्या पत्र्यावर टेकायचे. खराब रस्त्याचा एक लांब प्रवास झाल्यावर रॅक काढून पाहिला, तर पायाखाली बोटभर रुंदीचा खळगा पडला होता आणि त्याच्या कडेने रंगाला केसाएवढी चीर गेली होती. नख फिरवलं तेव्हाच ती जाणवली. अशा चिरेत पाणी मुरलं की गंज आतून धरतो आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दारावरचा रॅक घ्यायचाच असेल तर बिजागरीच्या बोल्टवर ब्रॅकेट लावून उभा राहणारा घ्या. बिजागरीजवळचा भाग कंपनीनेच जाड केलेला असतो, कारण दाराचं सगळं वजन तोच पेलतो.

दारावरच्या बऱ्याच रॅकची मर्यादा ३५ किलोच्या आसपास असते. १४ किलोच्या दोन माउंटन बाइक म्हणजे २८ किलो, बसल्या. २४ किलोच्या दोन इ-बाइक म्हणजे ४८ किलो, आणि बॅटऱ्या काढून आत ठेवल्या तरी चाळिशीच्या खाली येत नाहीत. तिथे हा पर्याय संपला. "थोडंसंच जास्त आहे" म्हणून पुढे जाऊ नका. उभ्या गाडीतलं ४० किलो खड्ड्यात आदळताना ४० राहत नाही. आणखी एक गोष्ट: ज्या व्हॅनची दारं २७० अंशांत उघडून बाजूला चिकटतात, त्यांची ती सोय सायकली लावल्यावर जाते.

टो हिच

हिचचं बळ हे की वजन थेट चासीवर जातं. गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेला हिच असेल तर चासीत आधीपासून असलेल्या भोकांतच बोल्ट बसतात, ड्रिल चालवावं लागत नाही. रॅक ज्यात खोचायचा त्या चौकोनी नळीचे दोन मापाचे प्रकार सर्रास मिळतात, सव्वा इंची आणि दोन इंची. व्हॅनला दोन इंचीच बरा. युरोपातल्या गाड्यांना नळीऐवजी ५० मिलिमीटरचा गोळा असतो आणि त्याच्या पट्टीवर उभ्या भाराची, म्हणजे गोळ्यावर वरून पडणाऱ्या वजनाची, मर्यादा कोरलेली असते, बहुधा ७५ ते १०० किलो. त्या आकड्यातून रॅकचं स्वतःचं वजन वजा करायचं, हे पुष्कळ जण विसरतात. मोठ्या रॅकचेच २० किलो होतात.

इथे एक फसगत हमखास होते. जाहिरातीत "रॅक मागे झुकतो" असं लिहिलेलं असतं आणि आपण समाधान मानतो. झुकणारा रॅक वर उघडणाऱ्या दाराला पुरतो. व्हॅनची दारं दोन बाजूंना उघडतात, आणि रॅक झुकवला तरी सायकलींची हँडलं आणि चाकं बहुतेकदा दारांच्या वाटेतच राहतात. त्यामुळे हिचमध्ये आधी बाजूला फिरणारा अ‍ॅडॉप्टर खोचायचा आणि त्यात रॅक, असं करावं लागतं. अ‍ॅडॉप्टरचं वजन वाढतं, सायकली आणखी मागे जातात, आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई येते. नळीतली ढिलाई काढणारी पाचर किंवा आवळणारा बोल्ट नसेल तर आरशात सायकली डुलताना दिसतात. सपाट रस्त्यावर ते चालून जातं, कच्च्या रस्त्यावर त्याच ढिलाईने भोकं अंडाकृती होतात.

फायदा मोठा आहे तो म्हणजे परत फिरता येतं. हंगाम संपला की रॅक काढून ठेवला, गाडी पुन्हा पहिल्यासारखी. शिवाय हिचजवळच ७ किंवा १३ पिनांचं सॉकेट असेल तर रॅकवरच्या दिव्यांना तिथूनच वीज मिळते.

वजनाचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझं ऐकाल तर पैसे द्यायच्या आधी कागद घेऊन बसा. मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं, म्हणजे चाकांच्या आसांमधलं, अंतर ३.६ मीटर आहे आणि मागच्या एक्सलपासून १.८ मीटर मागे तुम्ही १०० किलो लावले, असं धरा. मागच्या एक्सलवर १०० नाही, १५० किलो वाढतात. आणि पुढचा एक्सल ५० किलोंनी हलका होतो.

आता तिन्ही पर्याय याच मापात घाला. दारावर हलका रॅक आणि दोन साध्या सायकली मिळून ३७ किलो, तर मागच्या एक्सलवर साधारण ५५ वाढतात. स्टीलचा बंपर हातासकट ८० किलो, रॅक आणि दोन इ-बाइक मिळून ७०, तर मागे साधारण २२५ किलोंची वाढ होते आणि पुढून ७५ किलो उचलले जातात. डुकाटोसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या व्हॅनला ओल्या चढावर हे लगेच कळतं, चाकं जागेवर फिरायला लागतात. स्प्रिंटरसारख्या मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत तेवढं जाणवत नाही, पण पुढचे दिवे वर बघायला लागतात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात.

एक्सलची मर्यादा बहुधा पुढच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असते. पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या असं सगळं भरलेली ३५०० किलो मर्यादेची व्हॅन आधीच काठावर असते. गाडी भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर न्या आणि मागचा एक्सल वेगळा तोला. मी ते बंपर बसवल्यावर केलं, आधी करायला हवं होतं. मागचे पाटे बदलण्याचा खर्च वेगळा निघाला.

बंपर घ्यायचा तर

मूळ प्लॅस्टिकचा बंपर काढणं अर्ध्या तासाचं काम. खालचे आणि बाजूचे स्क्रू, मग प्लॅस्टिकच्या क्लिपा. थंडीत त्या कटकन मोडतात, म्हणून जास्तीच्या आणून ठेवा. बाहेर ओढण्याआधी सेन्सरच्या वायरचा जोड सोडवा. एका हाताने बंपर धरून दुसऱ्याने जोड चाचपडण्यापेक्षा मदतीला माणूस असलेला बरा.

सगळ्यात जपायचं ते इलेक्ट्रॉनिक्स. पार्किंगचे सेन्सर ध्वनिलहरींवर चालतात. त्यांना नव्या बंपरमध्ये भोकं हवीत, धातूपासून वेगळं ठेवणारी रबरी बाही हवी आणि कोन मूळ बंपरसारखाच हवा. कोन खाली गेला तर सेन्सर जमिनीलाच अडथळा समजून ओरडत राहतो. बाजूच्या आंधळ्या कोनासाठी ज्या गाड्यांना रडार असतं, ते बहुधा बंपरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकमागे लपवलेलं असतं. प्लॅस्टिकमधून रडारच्या लहरी जातात, धातूतून जात नाहीत. तुमच्या गाडीला ही सोय असेल तर बंपरच्या कोपऱ्यांना प्लॅस्टिकचे तुकडे आहेत का हे विकणाऱ्याला लेखी विचारा. माझ्या बंपरला ते नव्हते, आणि गाडी सुरू केली की सूचनेचा पिवळा दिवा लागायचा. सायकली लावल्यावर पार्किंगचे सेन्सर तसेही बंद करावे लागतात आणि मूळ कॅमेऱ्यात फक्त टायर दिसतो, हे तिन्ही पर्यायांत थोड्याफार फरकाने खरंच.

स्टील की अ‍ॅल्युमिनियम? स्टीलची घनता दर घन सेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७. पण अ‍ॅल्युमिनियम कमी ताठ, म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो आणि वजन एक तृतीयांशावर येत नाही. तरीही फरक भरपूर राहतो, आणि वरचा हिशेब पाहता मी आज अ‍ॅल्युमिनियमच घेईन. स्टीलची बाजू अशी की ते कुठेही वेल्डिंग करून मिळतं. अ‍ॅल्युमिनियमचा बंपर स्टीलच्या चासीला लागतो तिथे मधे नायलॉनचा वॉशर किंवा जाड रंगाचा थर ठेवा, नाहीतर खारट ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर पांढरी भुकटी धरते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

बंपरचा जीव त्याच्या फिरणाऱ्या हातात आहे. दुकानात बघायला गेलात तर रंगरूप सोडा आणि हात उघडून, टोकाला धरून वर-खाली हलवा. हात ज्यावर फिरतो त्या खुंटीजवळ टक टक आवाज आला तर तो बंपर नको. खुंटीत शंकूच्या आकाराचे बेअरिंग आणि ग्रीस भरायचं निपल असावं. हात बंद करताना त्याचं मोकळं टोक एका उतरत्या पट्टीवर किंचित चढून बसलं पाहिजे. म्हणजे चालत्या गाडीत वजन दोन टोकांना वाटलं जातं, एकट्या खुंटीवर लोंबकळत नाही. कडी आवळून बसणारी हवी आणि तिच्यात वेगळी सुरक्षा-खीळही हवी. उघड्या हाताला जागेवर धरणारा अडसरसुद्धा तपासा. उतारावर गाडी उभी असताना ७० किलोंचा हात आपसूक बंद झाला तर दारात उभ्या माणसाची खैर नाही.

दार उघडायचं म्हणजे दर वेळी आधी खीळ, मग कडी, मग हात, मग दार. दिवसातून एकदा ठीक. दहा वेळा स्वयंपाकाचं सामान काढायचं असेल तर त्रास होतो. बंपर कोणासाठी, तर ज्यांना तो सायकलींशिवायही हवा आहे त्यांच्यासाठी: जादा चाक मागे न्यायचं आहे, गाडी कच्च्या वाटांवर जाते, ओढून काढायला मजबूत आकडे हवे आहेत. फक्त दोन सायकलींसाठी बंपर बदलू नका. इ-बाइक आहेत आणि रस्ता बहुतेक डांबरी आहे, तर हिच आणि फिरणारा अ‍ॅडॉप्टर घ्या.

कार्बनच्या फ्रेमला दांडीने आवळणारा रॅक मात्र तिन्हींपैकी कशावरच नको. चाकांना धरणारा घ्या. लांबीही मोजा. २९ इंची चाकांची सायकल १.९ मीटरच्या आसपास भरते आणि मोठ्या व्हॅनची रुंदी २ मीटरच्या जरा वर, म्हणजे जेमतेम बसते. धुराच्या नळीचं तोंड कुठे येतं तेही बघा, गरम धुरासमोरचा टायर मऊ पडतो. दिवे, इंडिकेटर किंवा नंबरप्लेट झाकली जात असेल तर रॅकवर दुसरे लावावेच लागतात. सामानाने ती झाकू नयेत हे १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारातच आहे.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ दर्जाचे, टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कागदावर दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळा. नव्या रंगाचा थर दाबला जाऊन पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये ताण कमी होतो, म्हणून तेवढ्या प्रवासानंतर पुन्हा पाना लावायचा. मी प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या धातूवर मिळून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली आहे. थांबलो की वाकून बघतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.