लेकीने दिलेला कॅमेरा आणि ५० एमएमची लेन्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आरोग्यसेविका म्हणून मालवणजवळच्या वाड्यांवर आयुष्य गेलं. ५८व्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा लेकीने कॅनन १५००डी कॅमेरा हातात ठेवला, सोबत १८-५५ची झूम लेन्स. त्याआधी मी मोबाईलवरही फारसे फोटो काढलेले नव्हते. वर्षभर जास्वंद, होड्या, सूर्यास्त काढत राहिले. खरं मन रमलं ते गेल्या गणपतीच्या आधी कॅननचीच ५० एमएमची लेन्स (ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम) घेतली तेव्हा. तेव्हापासून ती कॅमेऱ्यावरून क्वचितच उतरली आहे.

ही घेण्याचं कारण दुःखाचं होतं. श्रावणात कपाट उघडलं, तर पहिल्या लेन्समध्ये आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. बुरशी! चामड्याच्या पिशवीत, बंद कपाटात ठेवली होती आणि कोकणातल्या पावसात बुरशीला तेवढं पुरतं. त्या दिवशी मी रडले. आता कॅमेरा आणि नवी लेन्स हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत असतात, आत छोटा आर्द्रतामापक आहे, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवते. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते सुकवून परत घालते. किनारपट्टीवर राहत असाल तर कॅमेऱ्यासोबतच डबा घ्या.

आता लेन्सविषयी. वजन जेमतेम १६० ग्रॅम, त्यामुळे मनगट दुखत नाही. झूम नाही, जवळचं-लांबचं आपल्या पायांनी करायचं. १५००डीचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लहान असल्याने ती ८० एमएमच्या लेन्ससारखं, जरा जवळचं चित्र देते, म्हणजे छोट्या खोलीत चार माणसं मावत नाहीत. बारशा-मुंजीचे ग्रुप फोटो हवे असतील तर ही घेऊ नका. हात थरथरला तर सावरणारी सोय तिच्यात नाही, म्हणून मी शटर १/१२५ सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवत नाही आणि कोपर बरगडीला टेकवते.

चष्मेवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. सुरुवातीला मला व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसायचं, वाटलं डोळेच गेले. डोळा लावतो तिथेच शेजारी नंबर जुळवायचं छोटं चाक असतं. आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवायचं. पहिल्याच दिवशी हे करा.

मे महिन्यात शेजारच्या काकी पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या. कौलं खाली उतरलेली, उजेड फक्त अंगणाच्या बाजूने. मी समोर पाटावर बसले. "माज्या हातांचो कसलो गो फोटो काढतस?" म्हणाल्या, पण हात थांबले नाहीत. पहिला फोटो एफ १.८वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, अगदी जवळून घेतला: नखं लखलखीत आणि मनगट विरघळलेलं. मग तोंड थोडं मिटून एफ २.८वर आले, म्हणजे जास्त भाग स्पष्ट येतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० पुरला, जुन्या लेन्सला तिथे ६४०० लागला असता. लाल रस मनगटावरून काचेच्या बांगडीपर्यंत ओघळलेला, आणि अंगठ्याच्या बुंध्याशी कोयतीचा जुना व्रण. त्या जखमेचं ड्रेसिंग मीच केलं होतं, वीसेक वर्षांपूर्वी. त्या हाताची नाडी मी किती वेळा पाहिली असेल! पण तो व्रण चंद्रकोरीसारखा वळलाय, हे त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

लेक म्हणते, तुला उशिरा सापडलं. मला तसं वाटत नाही. जुन्या काळातली नावाजलेली छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८१५ साली कोलकात्यात जन्मली. १८६३ साली तिलाही लेक-जावयानेच कॅमेरा दिला, तेव्हा ती ४८ वर्षांची होती. कोंबड्यांच्या खुराड्याचा तिने स्टुडिओ केला आणि घरातल्या मोलकरणींचे, शेजाऱ्यांचे, पाहुण्यांचे चेहरे जवळून टिपले. त्या काळी एका फोटोसाठी समोरच्याला काही मिनिटं न हलता बसावं लागे. तिचे फोटो बघताना मला कळतं की समोरच्याने आपल्यावर विश्वास टाकला नाही तर तसा चेहरा मिळत नाही. तेवढी एक शिदोरी माझ्याकडे नोकरीतून आलेली आहे. घराघरांत मला ओळखतात, कॅमेरा काढला म्हणून कुणी पदर सावरून ताठ बसत नाही.

काकींना ८ बाय १२ इंचांची प्रत काढून दिली. त्यांनी ती पदराने पुसली, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला लावून घेतली आणि मला आमसुलांची पुडी बांधून दिली. आता वरच्या वाडीतल्या जुन्या सुईणीकडे जायचंय. तिच्याबरोबर मी कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली आहेत, आणि तिच्या हातांचा एकही फोटो कुणाकडे नाही. निरोप पाठवलाय. पाऊस जोर धरायच्या आत गाठायला हवं.