जॅक्सन आर्टिस्ट की फ्रीस्टाइल? मोठ्या वयात फिगर स्केटिंग शिकणाऱ्यांचा पहिला बूट

भाड्याच्या स्केटवर चारपाच आठवडे काढले की स्वतःचा बूट घ्यावासा वाटतो, आणि मग दोन नावं हमखास कानावर येतात: जॅक्सनचा आर्टिस्ट आणि त्याच्या वरच्या पायरीचा फ्रीस्टाइल. 1962 साली विश्वविजेता ठरलेल्या डोनाल्ड जॅक्सनच्या नावाची ही कॅनडातली कंपनी. दोन्ही बूट पातं बसवूनच येतात, त्यामुळे नवशिक्याला पात्याची वेगळी निवड करावी लागत नाही. दोन्ही चांगले आहेत. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा मापात.

चूक अशी होते. ज्यांचं आयुष्य चपला-सँडलमध्ये गेलं, त्यांचा चवडा बऱ्याचदा पसरट असतो आणि टाच त्या मानाने अरुंद. असा पाय मध्यम रुंदीच्या बुटात घातला की करंगळी दाबली जाते. दुकानदार अर्धा नंबर वाढवतो, दाब जातो आणि पाय खूश होतो. पण वाढली ती लांबी. आता टाच मोकळी पडते, बूट जिथे वाकायला हवा ती जागा घोट्याच्या पुढे सरकते, आणि बर्फावर उभं राहिलं की घोटा आत कोसळतो. त्याला सगळे 'घोटा कमजोर आहे' म्हणतात. बिचाऱ्या घोट्याचा त्यात दोष नसतो. लांबी तीच ठेवून रुंद साचा मागायला हवा. दोन्ही मॉडेल एकाहून जास्त रुंदीत मिळतात.

माप घरी घ्या, संध्याकाळी, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो. स्केटिंगला घालणार तेच पातळ मोजे घालून कागदावर उभं राहा, टाच भिंतीला टेकवा आणि पूर्ण वजन त्या पायावर द्या. सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, ते विसरू नका. मग चवड्याचा घेर फितीने मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. ही मापं कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. रोजच्या बुटाचा नंबर इथे चालत नाही, स्केटचा नंबर सहसा त्याहून लहान निघतो.

बूट घालून बघण्याचीही रीत आहे. नाड्या पार सैल करा, पाय आत सरकवा आणि टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा. चवड्यावर नाडी जेमतेम ओढलेली असावी, पाऊल आणि नडगी मिळतात त्या वळणावर घट्ट, आणि वर नाडी अडकवायच्या आकड्यांपाशी पुन्हा थोडी सैल, म्हणजे मागून एक बोट आत जाईल. आकडे सुरू होण्याआधीच्या शेवटच्या भोकापाशी नाडीला एकाऐवजी दोन पीळ द्या; वरचं बांधताना खालचा ताण सुटत नाही. आता सरळ उभं राहिलात की बोटं पुढच्या टोकाला हलकेच टेकायला हवीत, दुमडायला नकोत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे यावीत. मग चवड्यांवर उठा. टाच आतल्या आत वर सरकली, अगदी थोडीशी जरी, तर तो बूट परत ठेवा. टाचेची पकड सुटलेला बूट मोज्यांचे दोन थर घालूनही सुधारत नाही.

आर्टिस्ट की फ्रीस्टाइल, हे वजनावर आणि सरावावर ठरवावं. आर्टिस्ट मऊ आहे. आठवड्यातून एकदा जाणाऱ्या, पुढेमागे सरकणं आणि साधी वळणं शिकणाऱ्या हलक्या माणसाला तो पुरतो. पण तोच बूट दहा वर्षांच्या मुलीला दोन हंगाम टिकला म्हणून मोठ्या माणसाला टिकेल असं नाही. वजन साधारण 65 किलोच्या पुढे असेल किंवा आठवड्यात दोनतीनदा सराव असेल, तर आमचा कौल फ्रीस्टाइलला. शिवाय तो उष्णतेने पायाच्या आकाराचा करून घेता येतो. हे काम दुकानातच करून घ्या: गरम बूट घालून, नाड्या बांधून, तो थंड होईपर्यंत बसून राहायचं, चालायचं नाही. करंगळीपाशी किंवा अंगठ्याच्या हाडाशी टोचत असेल तर तेवढीच जागा आतून ताणून देता येते, त्यासाठी नंबर वाढवायची गरज नाही. त्याहून कडक, उड्यांसाठीचे बूट मात्र पहिल्या वर्षी नकोत. गुडघा वाकत नाही, माणूस कमरेतून वाकतो आणि तोल जातो.

तळव्यात गोळा येतो ही सर्रास तक्रार. टाच सैल असली की बोटं आपोआप बूट घट्ट धरायला बघतात आणि कमानीचे स्नायू आवळतात. नाही तर पावलाच्या उंचवट्यावर नाडी जास्त ओढलेली असते. पाय सपाट असेल तर सोबत आलेला पातळ आतला तळ काढून आधार देणारा घाला. घोट्याच्या पुढच्या बाजूला नाडी रुतत असेल तर आधी बुटाची जीभ मधोमध आहे का पाहा. ती बाजूला सरकली की दोर थेट स्नायुबंधावर येतो. तरी दुखलं तर जेलची पट्टी.

पात्याबाबत एक आग्रह: नवं पातं पुरेसं धारदार असेलच असं धरून चालू नका, पहिली धार फिगर स्केटच्याच कारागिराकडून लावून घ्या. पात्याच्या तळाला मधे पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना दोन कडा. या पन्हळीच्या गोलाईची अर्ध्या इंचाची त्रिज्या मोठ्या नवशिक्याला बरी. आकडा लहान तितकी पन्हळ खोल आणि कड बर्फात जास्त रुतते. धार लावून आल्यावर पात्यावर आडवं एक सरळ कार्ड ठेवा. ते पात्याशी काटकोनात बसलं पाहिजे. एका बाजूला कललं तर एक कड उंच आहे, आणि त्यावर तुम्ही कितीही शिकलात तरी एका पायावर सरळ जाणार नाही. पात्याच्या पुढच्या टोकाचे दात घासले गेले नाहीत ना तेही बघा. सुरीवाल्या धारवाल्याकडे स्केट नेऊ नका. पन्हळ सपाट झाली की कडा संपल्या. साधारण 20 ते 25 तासांनी पुन्हा धार लागते. शिमल्याच्या उघड्या नैसर्गिक रिंकवर बर्फात कचरा असतो, तिथे लवकर.

धार बरोबर आहे आणि तरी एक पाय सतत आतल्या बाजूला ओढला जातोय, तर पातं थोडं सरकवावं लागेल. स्क्रूने बसवलेल्या पात्याच्या लांबट भोकांमुळे ते जमतं. रिव्हेट ठोकलेलं असेल तर जमत नाही, म्हणून घेण्याआधी बूट उलटा करून बघा.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी बर्फावरून उतरताच पातं आणि स्क्रूच्या जागा फडक्याने कोरड्या कराव्यात. प्लास्टिकचं कवच फक्त चालताना. त्यात ठेवलेलं पातं रात्रीत गंजतं. पिशवीत कापडी कवच. घरी पोचल्यावर बूट पिशवीतून काढून, आतला तळ उचलून हवेशीर जागी ठेवावेत.

परदेशातून मागवत असाल तर पहिले दोन दिवस घरातल्या सतरंजीवर, कवच चढवून, वीस-वीस मिनिटं बूट घालून बसा आणि उभे राहा. तोवर धार लावू नका, बूट तापवू नका. वापरलेला बूट दुकानं सहसा परत घेत नाहीत.